गेमचा जुना कॉम्प्युटर : डागडुजी करावी की नवाच घ्यावा?

१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्या घरातल्या लहान पोरालाही पाठ असते. १९५६ साली या दिवशी नागपूरला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो बांधवांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि आपल्या पिढ्यांचे जिणे बदलले. २०२५ सालचा १४ ऑक्टोबर मात्र काही घरांत आणखी एका, फार लहान कारणाने लक्षात राहिला. त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' ची नेहमीची देखभाल थांबवली. कॉम्प्युटर बंद पडले नाहीत, पण पडद्यावर सूचना झळकू लागली. मोठी माणसे बुचकळ्यात पडली आणि पोरांना निमित्त मिळाले, "बाबा, आता हे भंगार झालं. नवंच घ्या ना!"

आमचे साखरखेर्डा हे सिंदखेडराजा तालुक्यातले गाव. १७२४ साली निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची मोठी लढाई या गावाजवळ झाली. ती जिंकून निजामाने दख्खनेत आपले पाय रोवले. आज गावातली लढाई वेगळी आहे. मजुरीचा, सोयाबीनचा किंवा कंपनीतल्या पगाराचा पैसा हातात येतो आणि त्याला दहा वाटा फुटलेल्या असतात. त्यात पोराच्या कॉम्प्युटरची अकरावी वाट आली की घरात वाद झालाच म्हणून समजा.

गेमचा कॉम्प्युटर म्हणजे काय, हे ज्या माय-बाबांना नीट ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. ऑफिसातल्या किंवा सेतू केंद्रातल्या कॉम्प्युटरपेक्षा त्याच्यात एक भाग जास्तीचा असतो. त्याला ग्राफिक कार्ड म्हणतात. खेळातली पळती चित्रे पडद्यावर उमटवण्याचे काम ते करते. ते महाग असते, वीज जास्त खाते आणि तापतेही जास्त. पुण्याजवळ चाकणला किंवा संभाजीनगरजवळ वाळूजला कामाला गेलेली पोरे पाच-सात वर्षांपूर्वी असे कॉम्प्युटर हौसेने घेत. पुढे ते गावी आले आणि धाकट्यांच्या हाती पडले. आता ते म्हातारे झाले आहेत. त्यांचे करायचे काय, हाच आजचा विषय.

जुन्याची लाज कुठून आली?

हिशेबाकडे वळण्याआधी मनातली एक गोष्ट बोलून टाकू. आपल्या समाजात 'जुने वापरा' असे कोणी म्हटले की काळजात काहीतरी टोचते. त्याला कारण आहे. पिढ्यान् पिढ्या आपल्या वाट्याला दुसऱ्याचे उतरलेले आणि टाकलेलेच आले. मढ्यावरचे कापड अंगावर घ्यावे, असे धर्मग्रंथात लिहून ठेवलेले होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले ते उगाच नव्हे. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या आया-बहिणींना स्वच्छ राहा, चांगले नेसा, जातीची खूण सांगणारे दागिने टाकून द्या, असे सांगितले. त्यामुळे एखादा बाप दुकानात उभा राहून "माझ्या पोराला नवंच द्या" म्हणतो, तेव्हा ती नुसती चैन नसते. त्यामागे शंभर वर्षांचा स्वाभिमान असतो. त्याची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण बांधवांनो, दुसऱ्याने आपल्या अंगावर फेकलेले जुने वेगळे आणि आपल्या घामाच्या पैशाने घेतलेली, आपल्याच हाताने जपलेली वस्तू वेगळी. पहिल्यात अपमान आहे, दुसऱ्यात शहाणपण आहे. या दोहोंची गल्लत झाली की दुकानदाराचे फावते.

आनंदाची चीवरे

विनयपिटकात एक सुंदर प्रसंग आहे. कोसंबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला ते रुचले नाही. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्खू काय करणार, दुकान मांडणार की काय, असे त्याला वाटले. त्याने जाऊन विचारले. आनंदांनी सांगितले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्खूंना ही वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरणे. जुन्या अंथरणांचे? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झाडायची फडकी. आणि ती फडकीही फाटली की? त्यांचे तुकडे करून मातीत कालवू आणि त्या चिखलाने जमीन सारवू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दान दिली.

या प्रसंगात दोन गोष्टी आहेत आणि त्या दोन्ही घ्यायच्या आहेत. पहिली, ज्याचे चीवर खरोखर विरले आहे त्याला नवे द्यायचे. विरलेलेच नेसत राहा, असे आनंद म्हणत नाहीत. दुसरी, जुने फेकायचे नाही. त्याला त्याच्या ताकदीचे पुढचे काम द्यायचे. कॉम्प्युटरचा निवाडा याच दोन गोष्टींवर करता येतो.

आधी दुखणे ओळखा

माणूस आजारी पडला की आपण नाडी पाहतो, ताप पाहतो. लगेच "हा गेला" म्हणत नाही. कॉम्प्युटरचेही तसेच करावे. पुढच्या तपासण्या घरातल्या घरात होतात आणि त्यांना पैसा लागत नाही.

एक. कॅबिनेटचे झाकण उघडा, पण आधी प्लग काढा. आमच्याकडे उन्हाळ्याची धूळ आणि सुगीतला भुसा यांनी पंखे भरून जातात. हवा खेळली नाही की प्रोसेसर तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून तो आपणच आपला वेग कमी करतो. पोराला वाटते मशीन म्हातारे झाले, खरे तर त्याचे नाक चोंदलेले असते. मऊ ब्रशने धूळ काढावी. पंखा बोटाने धरून मगच झटकावा. प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असेल तर जाणकाराकडून नवी लावून घ्यावी. हा खर्च किरकोळ असतो.

दोन. दर वेळी तारीख-वेळ चुकीची दिसते का? तसे असेल तर मदरबोर्डवरचा रुपयाएवढा बटणसेल संपला आहे. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. एवढ्या कारणासाठी मशीन बदलायला निघालेली घरेही असतात.

तीन. कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. मशीन रेंगाळत असताना त्यात 'डिस्क' पुढे सतत शंभर टक्के दिसत असेल, तर दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. 'मेमरी' भरलेली दिसत असेल तर रॅम कमी पडते आहे.

चार. खेळ चालू करून त्यातले चित्राचे रिझोल्यूशन कमी करा. खेळ एकदम सुरळीत पळू लागला तर अडचण ग्राफिक कार्डची आहे. काहीच फरक पडला नाही तर बहुधा प्रोसेसर थकला आहे. ही तपासणी पोरालाच करायला लावा. ज्याला नवे पाहिजे त्याने आधी जुन्याचे दुखणे कागदावर लिहून दाखवावे.

पाच. घरातली वीज तपासा. शेतीपंप सुरू झाले की दाब खाली-वर होतो. अर्थिंग नसेल, यूपीएसची बॅटरी मेली असेल, तर कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो आणि दोष मशीनवर येतो. अशा घरात नवे मशीन आणले तर तेही वर्षभरात आजारी पडेल. आधी अर्थिंग, मग बाकीचे.

काय बदलता येते, काय नाही

दुखणे कळले की औषधाचा विचार. सर्वांत गुणकारी औषध म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे. दहा वर्षांपूर्वीच्या मशीनलाही साधी साटा एसएसडी लागते. कॉम्प्युटर सुरू व्हायला आधी चहा होऊन जायचा, तो मिनिटाच्या आत उठतो. मात्र एसएसडीने खेळातली चित्रे जास्त सुंदर होत नाहीत, खेळ उघडायचा वेळ तेवढा वाचतो, हे पोरांना आधीच सांगून ठेवावे. आणि ही एसएसडी पुढे नवे मशीन घेतले तरी त्यात चालते, म्हणजे पैसा बुडत नाही.

दुसरे औषध रॅम. इथे एक खाचखळगा आहे. डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ अशा तिच्या पिढ्या आहेत. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या खाचेत बसतच नाही. तुमच्या मशीनमध्ये डीडीआर ३ असेल, तर त्यात घातलेला पैसा पुढच्या मशीनला उपयोगी पडणार नाही. शिवाय २०२५ च्या अखेरीस रॅम आणि एसएसडीचे भाव जगभर चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जी प्रचंड डेटा सेंटर उभी राहत आहेत, ती मेमरीच्या चिप्स मोठ्या प्रमाणात उचलतात. मायक्रॉन कंपनीने तर सामान्य ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशियल' हा धंदा बंद करत असल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. कुठल्या तरी परदेशात यंत्राला विचार करायला शिकवतात आणि त्याचा भुर्दंड साखरखेर्ड्याच्या मजुराला पडतो, असा हा काळ आहे. म्हणून दोन-तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय रॅम घेऊ नये.

तिसरे औषध ग्राफिक कार्ड. हे सर्वांत महाग आणि सर्वांत फसवे. मोठ्या कार्डाला मोठा वीजपुरवठा लागतो. कॅबिनेटमधला एसएमपीएस स्वस्तातला असेल तर तो ते झेपवत नाही आणि जाताना बाकीचे भागही घेऊन जातो. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का तेही मोजावे. जुन्या प्रोसेसरसोबत भारी कार्ड जोडणे म्हणजे म्हाताऱ्या बैलासोबत तरणा गोऱ्हा जुंपण्यासारखे आहे. गाडी म्हाताऱ्याच्याच चालीने चालते.

प्रोसेसर बदलणे हे चौथे औषध, आणि ते मदरबोर्डवर अवलंबून आहे. एएमडी कंपनीने २०१६ साली आणलेली 'एएम ४' ही बैठक बरीच वर्षे टिकली. अशा अनेक बोर्डांवर बायोस सुधारून नंतरचा प्रोसेसर बसतो. इंटेलचे तसे नाही. सातव्या आणि आठव्या पिढीचे प्रोसेसर दिसायला सारख्याच बैठकीचे आहेत, पण सातव्या पिढीच्या बोर्डवर आठव्या पिढीचा चालत नाही. दुकानदार "बसतो" म्हणाला म्हणून पैसे देऊ नका. बोर्डचा नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या यादीत पाहा.

नवे घेणे केव्हा योग्य?

आता उलट बाजू. डागडुजी म्हणजे नेहमीच काटकसर नसते. ठिगळावर ठिगळ लावून झालेला खर्च नव्या लुगड्याच्या वर जातो, हे आपल्या आयांना चांगले ठाऊक असते.

'विंडोज ११' साठी साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडी रायझनची २००० ची मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर चालतात. सोबत टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो. काही मशीनमध्ये टीपीएम असतो, पण बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. तो चालू केला की काम भागते. तेव्हा 'हे मशीन चालणार नाही' हा निवाडा बायोस पाहिल्यावरच मान्य करावा. मशीन त्याहून जुने असेल, तरी घरगुती वापरासाठी विंडोज १० चे सुरक्षा-बदल नाव नोंदवून ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली. ही मुदत म्हणजे विचार करायला दिलेला वेळ समजावा.

डीडीआर ३ च्या काळातला मदरबोर्ड, चार गाभ्यांपेक्षा कमी ताकदीचा प्रोसेसर आणि वर रॅम, डिस्क, कार्ड, एसएमपीएस असे सगळेच बदलायची वेळ आली असेल, तर ते विरलेले चीवर आहे. त्यात ठिगळ लावू नये. जाणकार एक ठोकताळा सांगतात. डागडुजीचा एकूण खर्च नव्या मशीनच्या निम्म्यापुढे जात असेल तर नवे घ्यावे. आम्ही त्याला एक जोड देऊ. डागडुजीतले जे भाग पुढच्या मशीनमध्ये नेता येतात, उदाहरणार्थ एसएसडी, चांगला एसएमपीएस, मॉनिटर, त्यांची किंमत त्या खर्चात धरू नये. ती पुढच्या मशीनची आगाऊ बचत आहे.

आमच्या घरचा हिशेब

नुसता उपदेश नको, म्हणून आमच्या घरचेच सांगतो. थोरल्याने २०१७ साली नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेले मशीन आमच्याकडे आहे. इंटेल आय ५ सातव्या पिढीचा, आठ जीबी डीडीआर ४ रॅम, एक टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक कार्ड. धाकटा त्यावर व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह खेळतो. लेक त्याच मशीनवर महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा अर्ज भरते आणि सीईटीचे सराव पेपर सोडवते. ही परीक्षाच कॉम्प्युटरवर होते, म्हणून माउसवर हात बसलेला असणे तिला गरजेचे.

धाकट्याने तालुक्याच्या दुकानातून नव्या मशीनचा कागद आणला, ६५,००० रुपये. हप्त्याने मिळते, व्याज शून्य, असेही त्याला सांगितले होते. घरात तेवढे नव्हतेच. जे ४०,००० होते ते लेकीच्या प्रवेशासाठी बाजूला काढलेले. धाकटा रुसला. म्हणाला, "माह्याच नशिबात हे जुनं काहून?" त्या प्रश्नाला रागाने उत्तर देता येत नाही. आम्ही सगळे जण कॉम्प्युटरपुढे बसलो आणि वरच्या तपासण्या एकेक करून पाहिल्या.

डिस्क शंभर टक्के. मेमरी जवळजवळ भरलेली. पंख्यात बोटभर धूळ. रिझोल्यूशन कमी केले की खेळ पळतो, पण आहे त्या सेटिंगवरही तो खेळण्याजोगा चालतो. म्हणजे कार्ड मोडकळीला आलेले नव्हते. त्याच्या बनावटदाराने, एनव्हिडियाने, या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांच्या सुधारणा ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवल्या. सुरक्षेच्या सुधारणा मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत देऊ, असे सांगितले. सातवी पिढी विंडोज ११ च्या यादीबाहेर, हा खरा दोष. तो पैसे टाकून मिटणारा नव्हता.

मग ठरले. ५०० जीबीची एसएसडी, रॅमची आणखी एक आठ जीबीची पट्टी, सफाई आणि पेस्ट. सगळे मिळून ८,५०० रुपयांच्या आत बसले. एसएसडीच्या एका भागात लिनक्स मिंट टाकले. ते फुकट मिळते आणि त्यात मराठी टाइपही होते. लेकीचा अभ्यास आणि अर्ज त्यात होतात. धाकट्याचे खेळ विंडोजमध्ये चालतात. व्हॅलोरंटसारखे खेळ लिनक्सवर चालत नाहीत, हे त्यानेच आम्हाला सांगितले. दरमहा पाचशे रुपये नव्या मशीनच्या डब्यात पडतात आणि त्यातले दोनशे धाकटा सुटीच्या कामातून टाकतो. ४०,००० ला हात लागला नाही.

रामजी सुभेदार भिवाच्या पुस्तकांसाठी लेकींच्या दारी जात, प्रसंगी लेकीचा दागिना गहाण पडे, हे आपण सगळ्यांनी वाचलेले आहे. त्या लेकींच्या दागिन्यावर एक विद्यापुरुष उभा राहिला. तेव्हा आता लेकीच्या शिक्षणाचा पैसा उचलून लेकाचा खेळ उभा राहत असेल, तर आपण त्या दागिन्याची फेड उलट्या दिशेने करतो आहोत. घरात कॉम्प्युटर घेताना आणि दुरुस्त करताना लेकीला विचारा. तिचा वेळ ठरवून द्या. मशीन एक असेल तर पाळी लावा आणि ती भिंतीवर लिहा.

पैसा चार वाट्यांनी

राजगृहाजवळ भगवान बुद्धांनी सिगाल या तरुण गृहस्थाला संसाराचा उपदेश केला. दीघ निकायातले सिगालोवाद सुत्त ते हेच. त्यात मिळकतीचे चार वाटे सांगितले आहेत. एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. उपभोगाला एक वाटा आहे, हे लक्षात घ्या. पोराने खेळूच नये, असे तथागत सांगत नाहीत. पण तो वाटा एकच आहे. खेळाचे कार्ड उपभोगाच्या वाट्यातून यावे. ज्या मशीनवर पोरगा व्हिडिओचे संकलन, कोडिंग किंवा चित्रांचे काम शिकून कमावणार आहे, त्याचा खर्च धंद्याच्या वाट्यातून काढला तरी हरकत नाही. मात्र "शिकायला पाहिजे" हे खरे आहे की निमित्त, ते सहा महिने जुन्याच मशीनवर शिकून दाखवू दे. अडचणीच्या चौथ्या वाट्याला मात्र कॉम्प्युटरसाठी हात लावू नये.

बिनव्याजी हप्त्याचा कागद नीट वाचा. प्रक्रिया शुल्क, रोख खरेदीवर मिळणारी पण हप्त्यात न मिळणारी सूट आणि एक हप्ता चुकला तर दंड, यांची बेरीज म्हणजे व्याजच. नव्या कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी असतो. पक्के बिल घ्या, कारण बिलाशिवाय वॉरंटी नाही.

जुन्या बाजारातून कार्ड घेणार असाल तर आणखी जपा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ते काढण्यासाठी रात्रंदिवस जुंपलेली कार्डे ढिगाने बाजारात आली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचे नेहरू प्लेस, वस्तू डोळ्यांसमोर अर्धा तास चालवून दाखवल्याशिवाय पैसे मोजू नका.

खेळ वेगळा, जुगार वेगळा

माय-बाबांनी एक फरक मात्र ओळखायला शिकावे. चेंडू खेळण्यासारखा खेळ एक, आणि पैसे लावून खेळायचा खेळ दुसरा. त्याच सिगालोवाद सुत्तात संपत्तीच्या नाशाची सहा दारे सांगितली आहेत आणि त्यांतले एक जुगार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पोराने नवा कॉम्प्युटर मागितला तर तो काय खेळतो ते त्याच्या शेजारी बसून पाहा. रागावू नका, शिकवायला सांगा. तास दोन तास त्याच्या जगात डोकावलात तर मशीन पुरेसे आहे की नाही, हे तुम्हालाच कळेल. खेळाच्या आत बंदूक, कपडे विकत घ्यायला मोबाईलवरून पैसे जात असतील तर तेही दिसेल. पुष्कळ घरांत मशीनपेक्षा या खर्चानेच खिसा रिकामा होतो.

जुने मशीन कुठे जाते?

शेवटी, नवे आलेच तर जुने कुठे ठेवाल? आनंदांच्या फडक्यांची आठवण ठेवा. खेळाला न पुरणारे मशीन अभ्यासाला पुरते. एसएसडी आणि लिनक्स घातले की ते विहाराच्या अभ्यासिकेत पाच-सहा वर्षे सहज चालेल. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी किती पोरे-पोरी मोबाईलच्या वितभर पडद्यावर डोळे फोडतात! देण्याआधी मात्र हार्ड डिस्क काढून घ्या किंवा जाणकाराकडून पूर्ण पुसून घ्या. नुसते डिलीट केल्याने आधार कार्ड, बँकेचे कागद, घरचे फोटो जात नाहीत.

आणि जे खरोखर मेले ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नका. वायर जाळून तांबे काढतात, बोर्ड तापवून शिसे काढतात, त्या धुरात कोण उभे असते? शहरांच्या उकिरड्यांवर कचरा वेचणारे हात बहुतांशी आपल्याच माय-बहिणींचे आहेत. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती याच कष्टकऱ्यांच्या हक्कासाठी. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार जुन्या यंत्रांच्या पुनर्वापराची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे आणि ई-कचरा नोंदणीकृत केंद्राकडेच जायला हवा. गावात असे केंद्र नसेल तर विहारात एक पेटी ठेवा. वर्षभराचा ई-कचरा त्यात जमवा आणि कोणी जिल्ह्याला किंवा संभाजीनगरला गाडी घेऊन जाईल तेव्हा एकदम पोचवा. आपल्या घरातून निघालेले विष आपल्याच माणसाच्या छातीत जाऊ नये, एवढी काळजी प्रत्येक बौद्ध घराने घेतलीच पाहिजे.

तेव्हा उपासक-उपासिकांनो, येत्या रविवारी वंदना झाली की कॉम्प्युटरचे झाकण उघडा. पोरगा, पोरगी, माय, बाबा सगळे बसा. दुखणे लिहा, खर्च लिहा, कोणत्या वाट्यातून जाणार ते लिहा. विरले असेल तर ताठ मानेने नवे घ्या. विरले नसेल तर ताठ मानेने जुने चालवा. लाज दोन्हींत नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून, न तपासता पैसा टाकण्यात मात्र नुकसान आहे, आणि ते आपल्यासारख्या हातावर पोट असलेल्या घरांना परवडणारे नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!